दोन टक्के

मी मापाडी. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात
एकवीस वर्षं काट्यापाशी उभा आहे.
गोणी ठेवायच्या आधी काटा शून्यावर आहे ना, बघतो.
शेतकरीही बघतो. व्यापारीही बघतो.
एवढ्या एका गोष्टीवर आमच्यात कधी भांडण नाही.

ठाण्याला, सरकारी दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर
माझ्या रेवणला तोललं
तेव्हा काटा कुठून सुरू होतो
ते कुणी दाखवलं नाही.

अडतीस टक्के.

शाळा म्हणते, चाळीस आणा.
चाळीस असतील तर आठवड्याला दोन दिवस त्याच्यासाठी वेगळ्या बाई,
चाळीस असतील तर फळ्यावरचं उतरवून घ्यायला मदतनीस.
नाहीतर आहेच मागचा बाक, बसू दे.
कोपरखैरण्याच्या त्या वर्गात, त्या बाकावर, तीन वर्षं
रेवणनं खिडकीचे गज मोजलेत.
अकरा आहेत.
प्रगतीपुस्तकात हे लिहायला रकाना नाही.

वैजयंता म्हणते, मला माहितीय दोन टक्के कुठं गेले.
बटणांत.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शर्ट स्वतः घालतो का?
आणि यानं तिथंच, कुणी न सांगता,
सगळी बटणं काढली, सगळी लावली,
कॉलरचं सुद्धा.
बाई म्हणाल्या, व्वा.
आणि काहीतरी लिहिलं.

ती बटणं शिकायला आठ महिने लागले होते.
जुन्या उशीवर माझ्या फाटक्या शर्टाची पट्टी शिवून
रोज संध्याकाळी, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे,
एक काज, एक बटण.
अंगठा इथं. आता ढकल. आता ओढ.
पहिलं लागलं त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले.
कशाचे, विचारलं लोकांनी. म्हणालो, असेच.

बाजारात कडता असतो, मला नवा नाही.
माल ओला, माल डागी, म्हणून कापतात.
माल चांगला निघाला म्हणून कापलेलं
मी पहिल्यांदा पाहिलं.

मग फेरतपासणीचा अर्ज. अर्जाची पोच. पोचेची झेरॉक्स.
झेरॉक्सवर सही करणारे साहेब रजेवर.
विटाव्याच्या पुलाखाली अडकलेली बस,
आणि बाकड्यावर ओळखीचे होत गेलेले चेहरे:
दिघ्याच्या नसरीनताई, मुलीचं कानाचं मशीन रुमालात बांधून आणतात;
ऐरोलीचे दयानंद म्हात्रे, त्यांची ही पाचवी खेप.
किती मिळाले, विचारतो आम्ही एकमेकांना,
दहावीच्या निकालाला विचारतात तसं.
आपल्याच पोराचं उणं जास्त भरावं म्हणून
देव पाण्यात ठेवून बसलेली माणसं.

आदल्या रात्री वैजयंता त्याच्या उशाशी बसली.
फार हळू म्हणाली,
उद्या बटण लावू नको हं, राजा.
मग उठून मोरीत गेली
आणि कितीतरी वेळ नळ वाहत राहिला.

मी रात्रपाळी उरकून थेट तिथं पोचलो,
अंगाला कांद्याचा वास, शर्ट कसाबसा चढवलेला.
या वेळी डॉक्टर नवे, तरणे.
कपडे घालता येतात का याला?
हिनं माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे.
रेवण खुर्चीवरून उठला, माझ्यासमोर आला,
माझी वरखाली लागलेली बटणं
एकेक सोडवली
आणि खालपासून नीट लावत आणली.
आवाज नाही, पण ओठ हलत होते:
अंगठा इथं. आता ढकल. आता ओढ.

डॉक्टरांचं पेन कागदाच्या वर थांबलं होतं.
गोणी मी नजरेनं तोलतो, किलोभराचा फरक पडत नाही.
ते पेन मला वाचता आलं नाही.

कागद पुढच्या बुधवारी.
जिन्यात ही म्हणाली, आपण सांगायला हवं होतं का, येत नाही म्हणून?
मी म्हणालो, गोणीमागं किलोभर तर नुसती सालंच निघतात.
ती बोलली नाही. उत्तर नव्हतंच ते.

पुढं कठडा धरून रेवण उतरत होता.
शेवटच्या पायरीवर थांबून म्हणाला, सत्तावीस.
मी मोजल्या नव्हत्या.
सत्तावीसच असणार.