दोन बोटं

ती आली तेव्हा हातात मोजपट्टी नव्हती,
तपकिरी लोकरीचा धागा होता, दोन गाठी मारलेला.
"या गाठीपासून या गाठीपर्यंत," म्हणाली,
"रेडिओ होता तिथे. तेवढ्यात बसेल असं दे."

वाल्पराइसोच्या बंदराकडे पाठ करून
एकतीस वर्षं मी काच विकतोय.
गोल भांडं सगळ्यांनाच हवं असतं.
दिसतंही छान, सरबताला काढल्यासारखं,
आणि मासा त्यात स्वतःभोवती फिरून फिरून
एक दिवस थांबतो.

मी धागा काचेला लावला. चाळीस सेंटिमीटर.
"मासे किती?"
"एकच. नातवानं जत्रेत जिंकलाय. हा एवढासा."
तिनं करंगळीचं पेर दाखवलं.
मी म्हटलं, दोन्या नेलिदा, ते त्याचं बाळपण आहे.
हा वीतभर होणार.
खाणार, घाण करणार, काचेशी येऊन मागत राहणार.
"लहान भांड्यात लहानच राहील की."
राहील. कुबड काढून राहील.

आणि ऐका
(हे भाषण मला पाठ आहे,
पण त्या दिवशी ते सावकाश निघालं)
पाणी जितकं थोडं, तितकं रागीट.
चिमूटभर दाणे जास्त पडले,
एक रविवार विसरलात,
की लगेच सूड उगवतं.
मोठं पाणी चुका पोटात घालतं.

ती काचेकडे बघत राहिली, मग काचेतून रस्त्याकडे.
"जगतो किती हा?"
पंधरा वर्षं. पाणी ऐसपैस असेल तर वीस.
तिनं ओठांतल्या ओठांत बेरीज केली.
चौऱ्याहत्तर अधिक वीस.
मी हिशेबाच्या वहीत उगीच काहीतरी लिहिलं.
धागा बोटाभोवती गुंडाळून ती निघून गेली.

मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक.

मंगळवारी परत. तोच धागा,
त्याला जोडलेला निळा तुकडा आणि नवी गाठ.
"जेवणाचं टेबल शेजारच्या इराइदाला दिलं.
सहा खुर्च्या, आणि मी रोज
वेगळीवर बसून बघत होते."
ऐंशी सेंटिमीटर. सव्वाशे लिटर.
मी विचारलं, जमीन कसली? लाकडी?
भरल्यावर दोन आडव्या माणसांचं वजन होईल.
"त्याच फळ्यांवर," ती म्हणाली,
"माझा नवरा आणि त्याचा भाऊ नाचलेत. बुटांसकट."

टेकडीची लिफ्ट बंद होती.
एकशे बासष्ट पायऱ्या, चार पोरं,
तिच्याच रजईत गुंडाळलेली रिकामी काच,
आणि पुढे ती, पिशवीतला मासा छातीशी धरून
"सांभाळून रे" म्हणत,
पोरांना की माशाला, कोण जाणे.

ऑगस्टात हादरा बसला. मोठा नव्हता,
दुकानात तीन बरण्या गेल्या.
रात्री अडीचला फोन:
"पाणी बाहेर आलं. मासा आतच आहे."
किती आलं?
"एक टॉवेल भिजला. काठाशी दोन बोटं कमी झालंय.
भरून टाकू?"

नको.
आकार सांगितला, वजन सांगितलं,
हेच सांगायचं राहिलं होतं:
आपल्या या गावात
काठोकाठ काहीच भरायचं नसतं.

"हं," ती म्हणाली,
आणि फोन खाली न ठेवता
बराच वेळ मला
पंपाचे बुडबुडे ऐकवत राहिली.