पाण्याची पाळी

आमच्या गल्लीत नळ अकरा दिवसांनी येतो,
तोही रात्री दोनला, नाहीतर अडीचला,
व्हॉल्व्ह सोडणारा रज्जाक उठेल तेव्हा.
उदगीरची अर्धी झोप त्याच्या खिशात.
हंडे, टिपं, मोटारीचा पाइप ओढत नेणारं कुणाचं तरी पोरगं.
त्या रात्री कुणी कुणाला विचारत नाही
जागे कामून आहात म्हणून.

मला ती रात्र आवडते.

बाकीच्या दहा अवघड.
तुम्ही भिंतीकडं तोंड करून,
डोळे मिटलेले, जबडा जागा.
मी तुमचे श्वास मोजते.
मिनिटाला अठरा. ठीक.
बावीस झाले की माझा हात आपोआप
उशाशी चाचपतो फ्लोमीटर,
त्याच्या नळीत तरंगणारी गोळी,
जी त्या एप्रिलात पंधरावरून दहावर,
दहावरून सहावर
मीच उतरवली होती, अकरा नंबरची,
चौदा नंबरला पुरावं म्हणून.

चौदावाला वाचला.
देवणीहून पेढे घेऊन आला.
मी डबा सुकेशिनीला दिला, तिनं मावशींना,
मावशींनी तो परत माझ्या टेबलावर ठेवला.

केसपेपरवर गोळी कुणी फिरवली ते नाही.
केसपेपरवर ऑक्सिजन चालू आहे.

तुम्ही तर काहीच सांगितलं नाही.
आलात, ट्रंक कॉटखाली सरकवली,
पहिल्या आठवड्यात गच्चीवरची टाकी घासली,
दुसऱ्या आठवड्यात तीच टाकी पुन्हा.
आत्याबाई म्हणल्या, बगा, मिलिटरीची शिस्त.
रसवंतीवाला बर्फ फोडायला लागला
की तुम्ही पैसे ठेवून उठता,
रस तसाच.
आणि झोप लागलीच कधी, तर हिंदीत बोलता:
बोरो, बारी तो मेरी थी.
दर वेळी तेवढंच.
पाळी म्हणजे काय ते मला कळतं.
मीही रात्रपाळ्या बदलून दिल्यात लोकांना.

लातूरहून एक बाई आल्या होत्या, समुपदेशनाच्या.
आम्हाला हॉलमध्ये बसवलं, फॉर्म वाटले.
झोप लागते का. रडू येतं का.
जगू नये असं वाटतं का.
मेट्रन दारात उभ्या, किती फॉर्म आले ते मोजत.
मी सगळीकडं बरोबर उत्तर लिहिलं.
शाळेपासून हुशार आहे मी.
तिकडं तुम्हालाही विचारलं असेल कुणीतरी,
तुम्हीही टाच जुळवून म्हणला असाल,
ठीक हूँ, साब.

काल पाचवा दिवस होता. पाण्याचा काही संबंध नाही.
अडीचला जाग आली तर बाजू रिकामी.
तुम्ही ओट्यावर, पुढ्यात घागर,
तोटी उघडी.
काय करायलाव, मी म्हणले.
पाणी येणार हाय.
बरं, म्हणले. आतून दुसरी घागर आणली,
तुमच्या घागरीशेजारी ठेवली.

तोटीतून नुसती हवा येत होती.
बारीक, एकसुरी, सूं.
मी ऐकलं, ऐकलं,
आणि झडप घालून तोटी आवळली,
इतकी, की तळहाताला वळ उठला.
कामून गं, तुम्ही म्हणलात.

मग मी सांगितलं.
अकरा नंबर, लोहाऱ्याचे बसलिंग मास्तर,
त्यांना मी म्हणले होते, थोडं कमी करते हां सर,
आणि ते मान हलवून हो म्हणले होते,
वर्गातल्या पोराला
पाणी प्यायला सोडावं तसं.

तुम्ही घागरीच्या काठावरून बोट फिरवत राहिलात.
कुत्री भुंकली, थांबली.
बऱ्याच वेळानं म्हणलात,
बोरो सुपारी खायचा.
तिथं तिचा दगड व्हायचा. तरी चघळायचा गालात धरून,
मला म्हणायचा, घे.

मी घेतलीत का ते विचारलं नाही.

समोरची खिडकी उघडली. कौसरभाभी.
पानी आया क्या?
आपण दोघं एकदमच म्हणलो,
नाही, भाभी. झोपा तुम्ही.

खिडकी लागली. कडी वाजली.
भाभी बकेट घेऊन खाली आल्या
आणि आपल्या घागरींच्या मागं
ओळीत ठेवली.