तंगी

खानापूरची सहाची गाडी. पास संपायला चार दिवस.
विद्यापीठाच्या गेटाला साखळी, बाजूला मंडप,
सतरंजीवर अख्खा परीक्षा विभाग बसलेला.

माझी मार्कशीट तिसऱ्या कपाटात आहे.
हे मला माहीत आहे आणि हुक्केरींनाही,
कारण किल्ल्या त्यांच्याच खिशात.
घोषणेला हात वर केला
की वाजतात.

"नाळे बा, तंगी."
त्यांच्यात तंगी म्हणजे धाकटी बहीण.
आमच्यात काय, ते सांगायला नको.
दोन्ही मीच.

शुक्रवारी कोल्हापूरला मूळ प्रत दाखवायचीय,
झेरॉक्स चालत नाही म्हणालेत.
सांगितलं मी. रडले नाही.
त्यांनी ऐकून घेतलं, पोराला हाक मारून
एक कट चहा वाढवला,
आणि मोडक्या मराठीत म्हणाले,
अकरा वर्षं झाली, अजून रोजंदारीच बघ.
माझी पोरगी पण बीकॉमला.
तिचा निकाल पण
त्याच कपाटात.

गणेबैलपासून शिव्या जुळवत आले होते गाडीत,
चांगल्या दोन भाषांतल्या.
चहा फार गोड होता.
प्यायले.

परतताना कंडक्टरनं पास उलटसुलट बघितला.
"उद्या पण काय?"
नाळे पण, म्हटलं.