एक जून

आमच्या वाडीत सगळे एकाच दिवशी जन्मले.
आई, तिचे तीन भाऊ, मी,
वीटभट्टीवर गेला तो लहू,
खाडीने नेली ती ठमी.
दाखला काढा कुणाचाही: एक जून.
एवढा मोठा वाढदिवस
आणि वाडीत त्या दिवशी कधी गुळाचा खडा वाटला गेला नाही.

पणजोबाचं नाव अवश्या.
अवसेच्या रात्री झाला,
उधाणाचं पाणी तिवरांच्या शेंड्याला लागलं होतं तेव्हा.
नावातच तिथी, नावातच भरती.
हाक मारली की त्या रात्री पाणी कुठवर होतं तेही कळायचं.

तेव्हा साहेबाचं राज्य. जंगल बंद.
खैराला कुऱ्हाड लावली तर कोठडी.
बापाची हजेरी रोज सांजेला पाटलाकडे,
म्हणून पोराची लागली सकाळी रेवदंड्याच्या शाळेत.

मास्तर पान खायचे.
त्यांच्या ओठांवरचा लाल
अवश्याच्या बापाने रात्र जागून मडक्यात आटवलेला,
आमच्या खैराचा कात.
तो खिडकीबाहेर थुंकून ते म्हणाले,
अवस का कुणी पोराच्या कपाळी मारतं रे?
टाक बुडवला. लिहिलं: आनंद.

रजिस्टर अजून आहे. तालुक्याला जाऊन पाहिलं.
वाळवीने अर्धं पान खाल्लंय,
ती ओळ खाल्ली नाही.
आनंद हिलम. वय अदमासे आठ.
बापाचा धंदा: चोरीचा वहीम.
शेरा: बोली सुटत नाही.

सुटली.
आजी सांगायची, छडीला तो भ्यायचा नाही,
निवट्याच्या बिळात हात घालून
याहून जास्त रक्त काढून घ्यायचा.
सुटली ती एका चिंबोरीपायी.
मास्तरांनी चित्रावर बोट ठेवलं. हे काय?
त्याने विचारलं, नर का मादी?
कात टाकलेली का भरलेली?
अवसेची का पुनवेची?
आमच्यात प्रत्येकीला वेगळं नाव.
वर्ग हसला.
किती वेळ हसत होता कोण जाणे.
मग तो म्हणाला, खेकडा.
आणि घरी आल्यावरही म्हणाला, खेकडा.

ती नावं मी इथे लिहिणार होते.
दोन आठवतात. तिसरं आईला विचारलं
तर तिने पदर तोंडाला लावला,
तू शिकलेली बाई, तुला कशाला आमची घाण.
त्या दोघींना एकटं कसं पाठवू कागदावर?

आता आश्रमशाळेत मीच बाई.
परवा बुधी मुकणे पोरीला घेऊन आली,
भट्टीचा ट्रक बाहेर उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय.
जन्म कधीचा?
बुधी म्हणाली, बंधारा फुटला, खारं पाणी भातात शिरलं,
त्याच्या आदल्या भांगाला. पाणी मेलेलं होतं बघा.
मला कळलं. भांग म्हणजे अष्टमी,
बोटं मोडून तारीख काढता आली असती.
पण पोर्टलवरची चौकट भांग घेत नाही,
रिकामी सोडली तर पुढे जात नाही,
आणि रेंज दोन मिनिटांची.
माझं बोट आपसूक गेलं.
शून्य एक. शून्य सहा.
बुधीने विचारलंही नाही काय लिहिलं.
ट्रकमागे धावली.

पोरगी राहिली.
भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होती,
खेकड्याच्या चित्राकडे.
त्याच्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटली.

तिसरं नाव.

काय म्हणालीस? मी विचारलं.
पुन्हा म्हण.

तिने हात काढून पाठीमागे लपवला.
माझ्या हातातल्या पट्टीकडे पाहिलं.
म्हणाली,
खेकडा, बाई.