माइकवरचा हात

दोंडाईच्यात डिसेंबरभर हवेत मिरची असते.
पुढारी खोकतात, मी फेडर खाली ओढतो,
खोकला संपला की पुन्हा वर.
एकोणीस वर्षं हेच. खाली साउंड सिस्टीमचं दुकान,
वर दोन खोल्या, तिथे मी आणि भटू.

सुकलाल अण्णांना कशावरही मत असतं.
कापसाच्या भावावर, पंचाने दिलेल्या एलबीडब्ल्यूवर,
बट्टीवर तूप किती, कुणाच्या पोरीनं नर्सिंग करावं की डीएड.
न विचारता सांगतात, आणि ते लांबवर ऐकू जातं,
कारण बॉक्स माझे आहेत.

परवा तनुजा गिरासेने विचारलं.
साप्ताहिकात नवीन आहे, अजून प्रश्न विचारते.
दोन पुरुषांचं लग्न, दोन बायांचं,
कायद्यानं व्हावं का? अण्णा, तुमचं मत?

अण्णांनी माइकवर हात ठेवला.
लोकांना वाटलं, शांतता.
माझ्या कानाला हेडफोन होता.
तळहाताआडूनही माइक ऐकतो:
अंगठीचा पुष्कराज जाळीला घासला,
श्वास आत गेला, बाहेर यायला वेळ लागला.
मग हात निघाला. म्हणाले,
आधी तापीचं पाणी शेतात येऊ द्या,
मग बघू कोण कोणाच्या गळ्यात माळ घालतं ते.
हशा, टाळ्या. मीटरवर लाल दिवा.

गेल्या साली भटूचं अपेंडिक्स फुटलं,
धुळ्याला, दवाखान्याच्या फॉर्मवर रकाना होता:
रुग्णाशी नातं.
मी पेन धरून उभा.
रात्री पावणेदोनला अण्णांनी फोन उचलला,
डॉक्टरांना म्हणाले, आपला माणूस आहे, घ्या सही.
रकाना कोराच राहिला. भटू वाचला.
म्हणजे अण्णांना माहीत आहे. राग त्याचाच येतो.
माहीत नसलेल्याचं गप्प बसणं मला चालतं.

घरी सांगितलं, तर भटू भाकरी मोडत म्हणाला,
"ऱ्हाऊ दे ना भो. तो बोलना ते
गल्लीले बी बोलनं पडी.
आते काय वाईट शे?"

आत्ता गल्ली आम्हाला 'ते दोघं' म्हणते
आणि दिवाळीला फराळाचं एकच ताट पाठवते.
अण्णा नाही म्हणाले, तर ताट थांबेल?
हो म्हणाले, तर?
मी म्हटलं, मत मागायला दारात येतो ना,
मग एखादं देऊनही जावं.
भटू हसला. त्यालाच ठसका लागला.

आज वाल्मीक पाटलांकडे लग्न.
अण्णांसाठी मुहूर्त चाळीस मिनिटं थांबला.
अक्षता पडल्या, नवरानवरीला आशीर्वाद झाले,
माइक परत द्यायला ते माझ्याकडे वाकले
आणि चालू माइकमध्येच, सातशे माणसांपुढे,
"का रे, भटू कसा शे आते? त्यानं पोट..."

पुढचं कोणाला ऐकू गेलं नाही.
फेडर खाली होता, त्यावर माझं बोट.
अण्णा बोलतच होते,
ओठ हलताना दिसत होते.
कोणी विचारलं तर सांगेन, खोकला आला वाटलं.