ऑफ सीझन

मार्च सरता धुराडं थांबतं.
मळीचा वास पुढं महिनाभर गावावर रेंगाळतो,
तोडणीच्या टोळ्या बीडकडे परतलेल्या असतात
आणि आमचं काम तेव्हा सुरू होतं:
बॉयलरच्या पोटात शिरायचं, बॅटरी घेऊन,
नळी न् नळी.

नळीवर जेलीचा ठिपका, ठिपक्यावर प्रोब.
आवाज आत जातो, भिंतीला लागून परततो,
पडद्यावर आकडा.
चार पॉइंट एक. तीन पॉइंट नऊ.
मी ओरडून सांगतो, बाबर वहीत उतरवतो.

फुटल्यावर नळी कुणालाही सापडते,
आमचे जुने फोरमन म्हणायचे,
वाफच बोट दाखवते.

आज तीच जेली तहसीनच्या मानेवर.
पहाटेची एस.टी., आष्टा, सांगली,
मग मिरजेच्या दवाखान्याचा दुसरा मजला.
ओढणी काढून तिने माझ्याकडे दिली.
"गार आहे," म्हणाली.
मला माहीत होतं.

आता पंधरा. आठव्या वर्षी
रात्री उठून तांब्याच्या तांब्या पाणी प्यायची,
अंथरूण ओलं करायची, लपवायची.
तिच्या आईने त्यावरून एकदा चापट मारली होती.
ते अजून आईच काढते, लेक नाही.

साखर कारखान्यातल्या माणसाच्या घरी साखर!
लोक हसायचे, मीही हसायचो.
पण पहिली दोन वर्षं, ड्युटीवरून आलो की
कपडे दाराबाहेर झटकायचो.
कुणी सांगितलं नव्हतं.

सुयांचा हिशोब तिनेच ठेवला होता,
दहा हजारांवर कंटाळून सोडला.

पोरगी खो-खोत खांब गाठते, दम लागत नाही,
मग आत कशाला बघायचं?
"म्हणूनच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
"दुखायला लागल्यावर सगळेच बघतात."
मी फोरमनांचा फोटो शोधावा तसा
भिंतीवर उगाच बघत राहिलो.

पडद्यावर करडं रान, मधून काळा प्रवाह,
उन्हाळ्यातली कृष्णा पुलावरून दिसावी तसा,
दोन्ही काठ उघडे.
काठावर त्या मुलाने दोन फुल्या मारल्या.
फुल्यांमधलं अंतर:
शून्य पॉइंट पाच दोन.
मागच्या वर्षी शून्य पॉइंट चार सहा.

वाढलं! मी खूश.
बावीस वर्षं जाडी मोजणारा माणूस,
माझ्या जगात आकडा उतरला की भीती.
बाईंचा चेहरा बघितला तेव्हा कळलं
की इथं उलटं आहे:
आमची नळी झिजते,
हिची भिंत जाडावते.

"वयाच्या मानाने किंचित जास्त.
रोग नव्हे. अजून नव्हे.
लघवीत प्रथिनं नाहीत, डोळे स्वच्छ,
फक्त झोपेत उतरायला हवं तितकं
प्रेशर उतरत नाही.
तीन महिन्यांची सरासरी नऊच्या खाली आणू,
मग आणखी खाली. अजून वेळ आहे, शिकलगार.
वेळ आहे म्हणूनच बोलवलं."

स्टँडवर उसाच्या रसाचा गाडा, घुंगरू वाजतंय.
ती तिकडे बघत नाही, मी बघतो.
"पप्पा, खराब नळी सापडली की काय करता?"

कापतो. नवी बसवतो.

हे तोंडात आलेलं गिळलं. म्हटलं,
"सगळ्याच नाही बदलत गं.
कितीतरी नळ्या प्रेशर सांभाळून चालवतो,
पाणी शुद्ध ठेवतो, दर वर्षी मोजतो."
खोटं नव्हतं.
"आणि?"
"चालतात."
"किती वर्षं?"
एस.टी. लागली. जागा धरायला धावलो,
बरं झालं लागली.

रात्री जुन्या डायरीतलं कोरं पान काढलं.
तारीख. तहसीन दस्तगीर शिकलगार.
डावी बाजू, उजवी बाजू.
शेजारी पुढच्या वर्षाचा रकाना आखला, रिकामा.
पट्टी नव्हती, रेघ वाकडी आली.

जेवणाआधी ती बोट टोचत होती.
मान वर न करता म्हणाली,
"एकशे अडुसष्ट. आणि तिथंच खाली लिहा,
काल तीन मिनिटं वीस सेकंद. नाबाद."