चौदाव्या मजल्याशी

आठवड्याचे सहा दिवस मी दोरावर असते.
बँकेच्या इमारतीची काच वरून खाली पुसत येते,
आणि चौदाव्या मजल्याशी मान वळवली तर
दक्षिणेला दिसतो एक पिवळा पट्टा,
नैरोबी शिवताना उरलेलं कापड
कुणीतरी तसंच सोडून दिल्यासारखा.

मुटुकू म्हणतो, तेच ते अभयारण्य.
"तिथले सिंह तुला बघत असतील, कवुथा,
म्हणत असतील, आज मटण फार उंच टांगलंय."
माझा दोर तो धरतो.
त्याच्या विनोदाला हसावंच लागतं.

या रविवारी गेलो. मी आणि क्यालो.
तिकिटाचे पैसे जानेवारीपासून साखरेच्या डब्यात,
दोनदा काढून पुन्हा ठेवलेले.
मोम्बासा रोडवर सिमेंटचे ट्रक, टायरची दुकानं,
एक चर्च, त्याच्या भिंतीवर गादीची जाहिरात,
मग फाटक.
आणि फाटकापलीकडे एकदम,
कुणी आवाज बंद केल्यासारखं, गवत.

ओग्वेनो ड्रायव्हर हात बाहेर काढून दाखवत होता:
ते शहामृग, काळा तो नर, मातकट ती मादी.
ते काटेझाड, वारा आला की शिट्टी घालतं,
फुगल्या काट्यांच्या पोटात मुंग्यांचं बिऱ्हाड.
हा शेणाचा ढीग गेंड्याचा, ताजा.
गेंडा नव्हता.
शेण बघायलासुद्धा अख्खी बस एका अंगाला कलली.

क्यालो दर दहा मिनिटांनी विचारत होता, सिंह?
मी म्हणत होते, येतोय, वाटेत आहे.
महिन्याच्या पाच तारखेला
घरमालकिणीला सांगते तसं.

नदीच्या वळणाशी खाली उतरायची परवानगी होती.
तिथे एका बबूननं चपात्यांची पिशवी नेली,
इतक्या सहज की कणीक त्यानंच मळली असावी.
फांदीवर बसून एकेक उलगडली, हुंगली,
मधला मऊ भाग खाल्ला, कडा खाली टाकल्या.
क्यालोही असाच जेवतो.
मी दोघांवरही ओरडले.

मग रेल्वे. जंगलावरून, खांबांवरून गेलेली.
खांबाच्या सावलीत तीन जिराफ.
वरून मोम्बासाची गाडी धडधडत गेली,
एकानं कान हलवला, एवढंच.
गाडीच्या खिडक्यांत चेहरे, चेहऱ्यांपुढे फोन,
आणि एका लहान मुलीनं बोट दाखवलं,
जिराफांकडे नाही.
आमच्याकडे.
क्यालोनं दात विचकले,
बसच्या काचेवर दहाही नखं ओढली.

"उजवीकडे," ओग्वेनो कुजबुजला, "गवतात. बोलू नका."
सगळे उजवीकडे धावले.
मी डावीकडेच राहिले, तिथून शहर दिसत होतं,
धुरकट, उंच-ठेंगण्या इमारती दाटीनं उभ्या,
वर्गाच्या फोटोतल्या मुलांसारख्या.
मी बोटानं मजले मोजत होते.
नवव्याशी चुकले. पुन्हा खालपासून.
एका काचेवर ऊन पेटलं.
शनिवारी मी पुसलेली असेल,
किंवा दुसऱ्या कुणाची.

"आई, शेपटी! शेपटी दिसली!"
मी वळले तोवर गवत मिटलं होतं.
ती शेपटी सिंहाची की रानडुकराची,
हे परतीच्या अख्ख्या वाटेवर ठरलं नाही.
दोन अनोळखी बायकांचं त्यावरून भांडण झालं,
उतरताना त्यांनी एकमेकींचे नंबर घेतले.

सोमवार. बादली, दोर, वारा.
चौदाव्याशी आले तेव्हा आत मीटिंग चालू होती.
भिंतीवर आकडे, टेबलावर पाण्याच्या बाटल्या,
आणि काचेला अगदी लागून बसलेल्या साहेबानं
टाय सैल केला, मान मागे टाकली
आणि जांभई दिली,
सावकाश, पुरती, सगळे सुळे दिसेपर्यंत.

मी हलले नाही. श्वासही जपून घेतला.
फडक्यातून पाणी टपटपत राहिलं.

वरून मुटुकूनं दोराला हिसका दिला. काय झालं?
काही नाही, म्हटलं.
साबण संपलाय.